फाट्याची नऊ नावं

१. मीठ उतरलं तिथे

“नावं नऊ आहेत. वही मोठी आण. आणि कांदे आण.”
चिठ्ठीवर अक्षर शाळामास्तरांचं, बोलणं नूहूम कोंताओचं.

*

या मुलखात दगड नाही. नदीने आणून टाकलेला गाळ, गाळावर गवत, गवतावर पाणी. जाळ्याला वजन हवं तर मातीचे गोळे भाजावे लागतात.

*

गाय पाण्याला तोंड लावण्याआधी नाकाने फुंकर घालते.

*

सेगूहून आलेला ट्रकवाला मोप्तीच्या धक्क्यावर सांगत होता : वर नदी चढायला लागली. पाणी इथे यायला चार दिवस.

*

मंगळवारी सकाळी रिकामी होडी. आत लांब बांबू, गुंडाळलेली नमाजाची चटई, झाकण न काढलेलं भाताचं भांडं. भात आंबला होता.

*

बुधवारी याकेने गिंदो मोठी वही आणि कांद्यांची पिशवी घेऊन धक्क्यावर उतरली, तेव्हा चिठ्ठी लिहवून घेणारा म्हातारा दोन दिवस बेपत्ता होता.

२. पाणघोड्याचा कान

“या, या, कांद्यांच्या राणीसाहेब! मधोमध बसा. तुमच्या डोंगरात माकडं बसतात तसं कडेला नको.”

होडीवाला कोला तिएंता, साठीचा, तिगारे गावचा. तो बोझो, याकेने डोगोन. या दोन जातींत भांडण होत नाही, फक्त शिव्या होतात. शिवीवर रागवायचं नाही, आणि एकाने मागितलं तर दुसऱ्याने नाही म्हणायचं नाही, हा करार त्यांच्या खापरपणज्यांनी करून ठेवलेला.

“गप रे माशाच्या आतड्या,” याकेने म्हणाली. “तुझ्या वासाने मगरींना भोवळ येईल.”

“येऊ दे. तेवढंच तुला फुकटचं मटण.”

नकाशा कचेरीत नावं गोळा करण्यात तिची बावीस वर्षं गेली होती, तरी पाण्याच्या धास्तीने होडीत ती डोळे मिटूनच बसायची. ऐकून लिहायची. ऐकायला भरपूर असे, कारण बोझो होडी कुठल्याही जागेवरून मुकाट जात नाही. जागेचं नाव घेऊन सलाम करायचा, म्हणजे पाण्याला कळतं कोण चाललंय. कोला सलाम करत चालला होता. मोठ्या नदीच्या एका वळणावर मात्र नुसता बांबूचा आवाज आला.

“इथलं नाव राहिलं.”

“राहिलं नाही. सोडलं.” कोला थुंकला. “गेल्या आठवड्यात इथे सोमोनो जातीची एक बाई बुडाली. अजून वर आलेली नाही. मढं पाण्यात असताना जागेचं नाव घेतलं तर पाण्याला वाटतं, आपल्याला देऊन टाकलं. मग ते परत करत नाही. लिहू नकोस हे.”

तिने लिहिलं.

“आणि नूहूम?”

“चोर होता तो! ‘थंड पोट’ आमच्या तिगारेचं. नदीतून फुटलेल्या त्या अरुंद फाट्यातला सगळ्यात मोठा डोह, उन्हाळाभर मासे त्यातच राहतात. तुझ्या नकाशावर तो आपल्या सानाबे गावाच्या नावाने चढवणार होता म्हातारा.” त्याने बांबू जोरात रोवला. “पण त्याच्यासाठी रडेन मी. भांडायला बरोबरीचं कोण उरलं आता?”

“मेला असं कुणी सांगितलं तुला?”

सानाबेचा काठ येईपर्यंत कोला तिएंताने पुढे एकही शिवी दिली नाही.

३. नियामोयेची उडी

काठावर नूहूमची मुलगी पिंदा उभी होती. तिशीची. हातांना मासे धुरावण्याचा वास. तिने आधी कांदे घेतले, मग याकेनेचा हात.

“माझ्यासाठीच मागवले होते बाबांनी. ताई, बाबा नाहीत आता. असते तर भात खाल्ला असता. माझ्या हातचा भात ते कधी टाकत नाहीत.”

“पिंदा…”

“मला रडायचं नाहीये. मला बाबा मातीत हवेत. त्या उंचवट्यावर, आईशेजारी. पाणी आलं की फाटा नदीला मिळेल, नदी तळ्याला. मग मी कुठे शोधू? शनिवारपर्यंत, ताई. त्यानंतर त्यांचा हात-पाय काही मिळायचा नाही.”

“फौजदाराला कळवलंय?”

“त्यांची मोटरबोट पाणी चढल्याशिवाय फाट्यात शिरत नाही.”

म्हणजे कायदा पाण्याबरोबर येणार आणि म्हातारा पाण्याबरोबर जाणार.

मशिदीच्या भिंतीच्या सावलीत पाच-सहा तरुण भाल्यांची टोकं घासत बसले होते. मासे मारायचे भाले. पण त्या आठवड्यात मासे कुणी मारत नव्हतं.

“ते शुक्रवारच्या नमाजानंतर अल्लाये गुराख्याच्या तळावर जाणार,” पिंदा म्हणाली. “होडी त्याच्या गाईंच्या वाटेवर सापडली ना. मी म्हटलं, जाळा, मारा, काय हवं ते करा. पण बाबा कुठे आहेत ते कोण सांगेल मग?”

४. तीन चुली

बोकारी कोंताओने चहा ठेवला. नूहूमचा पुतण्या, चाळिशीचा, आवाज गोड. नूहूमनंतर पाण्याचा धनी तोच व्हायचा होता. मासेमारी कुठल्या दिवशी उघडायची आणि कोणी कुठे जाळं टाकायचं, ते तो ठरवणार.

पहिला पेला, कडू.

“सोमवारी मी काकांना पाहिलंच नाही. दिवसभर जाळं दुरुस्त करत होतो. मशिदीच्या ओट्यावर शपथ घेतलीय तशी.”

याकेनेने अजून काही विचारलं नव्हतं.

दुसरा पेला.

“अल्लायेच्या गाईंनी मागच्या महिन्यात आमचे सापळे तुडवले. काकांनी काठी उगारली, त्याने पण उगारली. सगळ्या गावाने पाहिलं. आणखी काय पाहिजे?”

“आणि कोला? तोही भांडत होता.”

“कोला?” बोकारी हसला. “तो जेवणावाचून राहील, भांडणावाचून नाही. पण हो, सोमवारी तोही फाट्यात होता. मी कुणावर आळ घेत नाही.”

तिसरा पेला, गोड.

“ताई, तुमचं काम अडायला नको. काकांच्या मागे नावं मीच सांगायची. उद्या शोधायला निघू तेव्हा बसा माझ्या होडीत.”

‘काकांच्या मागे.’ याकेनेने पेला खाली ठेवला. मुलगी म्हणते नाहीत, वैरी म्हणतो होता, पुतण्या म्हणतो मागे. मढं कुणीच पाहिलेलं नाही, आणि म्हातारा जिवंत असेल असं म्हणणारं गावात एक माणूस नाही.

५. मगरीचं अंगण

गुरुवारी ती तीनदा फाट्यात गेली. सकाळी पिंदाबरोबर, दुपारी कोलाबरोबर, उन्हं कलताना बोकारीबरोबर. तिघंही शोधत होते, निदान तिघांच्या हातात बांबू तरी होता. ती तिन्ही वेळा मधोमध, डोळे घट्ट मिटून, मांडीवर वही.

पिंदा नावं घाईने घ्यायची आणि प्रत्येक नावानंतर थांबायची, जणू कुणी ओ देईल.

कोला नाव घेई, मग खोकून घेई, मग शिवी देई.

“डोळे उघड गं कांद्याच्या पाती, पाणी कमरेएवढं आहे!”

“तुझ्या कमरेएवढं. माझ्या कमरेचा भरवसा नाही.”

बोकारीची होडी नवी होती. तो नावं गाण्यासारखी म्हणत असे. मध्येच त्याने होडीतलं पाणी उपसायला तुंबा घेतला. तळावर तो खरवडल्याचा आवाज झाला, मग पुन्हा गाणं सुरू. याकेनेचे पाय गारठले नव्हते, कोरडे होते. तिला फक्त बरं वाटलं.

म्हातारा कुठेच नव्हता.

६. गाईंची वाट

अल्लाये दिको तळावर एकटा होता. बायका-मुलांना त्याने आधीच दूर पाठवलं होतं. तो स्वतः का राहिला, असं याकेनेने विचारलं.

“मी पळालो तर मी मारलं असं होईल. आणि गाई पळत नाहीत, बाई. त्या चरत जातात.”

त्याने ताकाचा भोपळा पुढे केला.

“काठी उगारलीस म्हणे.”

“उगारली. मग त्याने शिवी दिली, मी दिली, मग तो बसून ताक प्याला. हाच भोपळा. हे कुणी सांगितलं नाही ना तुला?”

“मंगळवारी होडी इथे होती.”

“उजाडताना गाई पाण्यावर आणल्या, तेव्हा नव्हती. माझी तांबडी फार भित्री, पाण्यात काही परकं दिसलं की फुंकरच घालत राहते, पीत नाही. त्या दिवशी पोटभर प्यायली. सूर्य कासराभर वर आला, गाई वळवल्या, मागे पाहतो तर होडी.”

“आपोआप वाहत आली असेल.”

अल्लायेने गवताची काडी तोडून पाण्यात टाकली. काडी होती तिथेच राहिली. पुराआधीच्या त्या दिवसांत फाट्याला ओढ नसते, तो झोपलेला असतो.

“कुणीतरी बांबूने ढकलत आणली,” अल्लाये म्हणाला. “मला होडी हाकता येत नाही. मी पाण्यात जातो ते गाईची शेपटी धरून. माझ्या बायकोला विचार, ती आजही हसते.”

७.

शुक्रवारी सकाळी याकेनेने तिन्ही याद्या पिंदाच्या ओसरीवर शेजारी शेजारी मांडल्या.

पिंदाची नऊ. कोलाची आठ. बोकारीची आठ.

दोन तास ती नुसती बघत होती. नावं गोळा करणाऱ्या माणसाला भर दिसते, गाळलेलं दिसत नाही. पण म्हाताऱ्याने नऊ लिहवलं होतं.

कोलाच्या यादीत तिसरं नाव नव्हतं : नियामोयेची उडी. बोकारीच्या यादीत सातवं; ते तुंब्याच्या आवाजात हरवलं असेल, असं तिने धरलं.

तिला मोठ्या नदीवरचं ते वळण आठवलं. राहिलं नाही, सोडलं. जागेत कोण आहे ते ठाऊक असलेलाच नाव सोडतो. आणि हा नियम तिला सांगणारा होता कोला.

ती मशिदीकडे अक्षरशः पळत गेली. तासाभरात तिसऱ्या जागेवर दहा माणसं बुड्या मारत होती. काठावर सगळं गाव. कोलाला दोघांनी दंडाला धरून उभं केलेलं, आणि त्याच्या पलीकडे तिगारेहून धावत आलेली त्याची बायको.

वर आली एक गंजलेली बादली.

पुन्हा बुड्या. एक चप्पल. कासव.

“नाव का नाही घेतलंस?” याकेने ओरडली. “बोल!”

कोला खोकला. लाल झाला. बायकोने कपाळावर हात मारला.

“तो कसा घेईल? माझ्या आईचं नाव नियामोये! जावई सासूचं नाव घेतो का कुठे? तुमच्यात घेत असतील, डोंगरात!”

“चाळीस वर्षं,” कोला पुटपुटला, “चाळीस वर्षं मी इथून जाताना खोकतोय. पडसं आहे असं वाटतं सगळ्यांना.”

सगळं गाव हसलं, धरणारे दोघेसुद्धा. तीन दिवसांत पहिल्यांदा. पिंदा हसली नाही. ती काठावरच्या ओल्या रेषेकडे बघत होती. सकाळी पाण्यात खोचलेली तिची काडी बोटभर बुडाली होती. पाणी आलं होतं.

आणि हसणाऱ्यांत बोकारी नव्हता.

८. वाळवण

तो आपल्या घरामागे होता. वाळवणाच्या खांबांवर गावातली सगळी जाळी पसरलेली; पुराआधी प्रत्येक बोझो जाळं दुरुस्त करतो. बोकारीचे दोन खांब उघडे होते.

“तुझं जाळं?”

“उसनं दिलं.”

“पुराच्या तोंडावर?” कोला मागून म्हणाला. “बायको उसनी देईल माणूस, जाळं नाही.”

याकेनेने त्याला गप्प केलं. “बोकारी, नमाजाला वेळ आहे. नावं पक्की करायचीत मला. चल, तुझ्याच होडीतून. बाकीचे मागून येतील.”

चार होड्या निघाल्या. भालेवाले तरुणही आले. अल्लायेचा तळ त्याच वाटेवर होता. यावेळी याकेने डोळे उघडे ठेवून बसली. 

मिठाला सलाम. पाणघोड्याच्या कानाला सलाम. तिसऱ्या जागेला सलाम; मागच्या होडीत कुणीतरी खोकलं. तीन चुली, मगरीचं अंगण, गाईंची वाट. आवाज गोड, स्थिर. मग फाटा वळला, पाणी काळं झालं आणि बोकारीचा हात तुंब्याकडे गेला.

याकेनेने तुंब्यावर पाय ठेवला.

“होडी कोरडी आहे, बोकारी. कालही कोरडीच होती. सलाम कर.”

“कशाला? इथे काही नाही. नावं आठच आहेत.”

“पिंदाने घेतलं सातवं. कोलाने घेतलं. तुझ्या काकाने नऊ लिहवली.”

“म्हाताऱ्यांच्या गप्पा.”

“असू देत. घे नाव, मी खोडून टाकते.”

बांबूवरून पाणी ठिबकत होतं. मागच्या होड्या येऊन टेकल्या.

“मी डोगोन आहे,” याकेने सावकाश म्हणाली. “तू बोझो. मी मागितलं तर तुला नाही म्हणता येत नाही. मी तुझं घर मागत नाही, मासे मागत नाही. एक नाव मागते. दोन शब्द.”

बोकारीने तोंड उघडलं. ओठ हलले. मशिदीच्या ओट्यावर हात ठेवून देवाला जे बोलला होता त्याला एवढा वेळ लागला नव्हता. देव दयाळू आहे हे सगळे म्हणतात. पाण्याबद्दल तसं कुणी म्हणत नाही.

पिंदा आपल्या होडीत उभी राहिली. होडी डगमगली.

“घे ना, दादा,” ती म्हणाली. “घे नाव. म्हणजे बाबा पाण्याचेच होतील. मग कुणाला सापडायचे नाहीत, तू मोकळा. घे!”

बोकारी बसला. बांबू त्याने होडीत आडवा ठेवला.

“काढा त्यांना,” तो म्हणाला. “काठाच्या बाजूला नाही. मधे. खोल आहे.”

९. थंड पोट

पहिली बुडी कोलाने मारली. साठीचा माणूस, कुणाला विचारलं नाही. तिसऱ्या बुडीला तो जाळ्याचं टोक तोंडात धरून वर आला. नवं जाळं, भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचं. ते ओढायला आठ जण लागले.

नूहूम कोंताओ होडीत आला तेव्हा पिंदाने आधी त्याच्या तोंडावरचा चिखल पुसला. मग मान वर करून ती त्या काळ्या पाण्याकडे बघून मोठ्याने, सगळ्या फाट्याला ऐकू जाईल असं ओरडली :

“फुटकी हंडी! सलाम!”

आता सातवं नाव घ्यायला हरकत नव्हती.

बोकारीला कुणी धरलं नाही. तो कुठे जाणार? तो याकेनेशीच बोलला, बाकी कुणाकडे बघितलं नाही.

“सोमवारी काका थंड पोटावर निघाले होते. मला म्हणाले, चल, तुला खरं सांगतो, त्या बाईला सांगायच्या आधी. थंड पोट आपलं नाही. माझ्या आजाने दुष्काळात तिगारेकडून मागून घेतलं होतं, एका हंगामापुरतं. परत करायचं राहिलं. मी म्हटलं, मग मी कशाचा धनी? आठ डबक्यांचा? ते म्हणाले, आठ नावांचा. मी ढकललं, ताई. फक्त ढकललं. डोकं होडीच्या काठावर…”

“जाळं नाही बांधलंस? होडी नाही नेऊन ठेवलीस अल्लायेच्या वाटेवर?”



“मग नाव घेऊन टाकायचंस गुरुवारीच,” भाला घेतलेला एकजण म्हणाला. “कुणाला कळलं असतं?”

“मला ते कायमचे नव्हते द्यायचे पाण्याला,” बोकारी म्हणाला. “माझे काका होते ते.”

कोला मागे उभा होता, अंगातून पाणी गळत. थंड पोट तिगारेचं, हे त्याने ऐकलं होतं. एरवी त्याने ते दोन गावांना ओरडून सांगितलं असतं.

“मूर्ख म्हातारा,” तो मढ्याला म्हणाला. “आधी सांगायचंस. मी तुला वापरू दिलं असतं की.”

भाल्यांनी खड्डा खणता येत नाही. तरुणांनी भाले ठेवून कुदळी आणल्या. दुपारच्या नमाजानंतर नूहूमला उंचवट्यावर, त्याच्या बायकोशेजारी ठेवलं. अल्लाये लांब उभा राहिला, मग जवळ आला, आणि कुणी त्याला अडवलं नाही. पिंदाने स्वतःच्या हाताने माती लोटली. ती कोरडी होती. मुठीत तिचा भुगा होत होता.

शनिवारी पाणी चढलं. फौजदाराची मोटरबोट आली आणि बोकारीला घेऊन गेली. जाताना तिच्यातल्या कुणीच कुठल्या जागेला सलाम केला नाही.

याकेनेने वहीत नवव्या ओळीवर लिहिलं : थंड पोट, गाव तिगारे. खाली सांगणाऱ्याचं नाव : नूहूम कोंताओ, सानाबे.

नकाशा कचेरीत परिपत्रक नूहूम मेला त्याच्या अकरा दिवस आधीच येऊन पडलं होतं : नव्या नकाशावर पन्नास मीटरांहून अरुंद फाटे आणि त्यांतले डोह यांची नावं छापली जाणार नाहीत.